पावणं कोणत्या रांगेत

अण्णा, एक प्रश्न तुम्हाला विचारायचा राहून गेला. त्या दुपारी चूक कुणी केली, हे तुम्हाला ठाऊक होतं का? तीन वर्षं जवळजवळ रोज फोनवर बोलत होतो, तेव्हा विचारला नाही. आता तुम्ही नाही, तर दोन आठवडे हाच प्रश्न डोक्यात घेऊन फिरले.

तुम्ही गेल्याचं मला आपल्या गडहिंग्लज शाखेतल्या ऑपरेटरनं कळवलं, आणि तेही आपल्याच लाइनवरून. ‘अण्णा सकाळी गेलं. छातीत दुखतंय म्हणालं आनि गेलं.’ आवाज अगदी स्वच्छ आला, एक अक्षर तुटलं नाही. मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि पहिली गोष्ट काय केली असेन? हॉस्पिटलच्या नेटवर्कच्या पेटीतल्या, म्हणजे स्विचवरच्या, रांगा उघडून बघितल्या. आवाजाच्या रांगेतलं एकसुद्धा पॅकेट गळलं नव्हतं. माणूस गेल्याचं ऐकून आधी आकडे बघणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील ते म्हणोत. तुम्ही ‘शाब्बास की!’ म्हणाला असतात.

मी या हॉस्पिटलात पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्ही शिडीवर होतात आणि तुमच्या तोंडात स्क्रू होता. तुमचं सगळं आयुष्य टेलिफोनच्या तारांत गेलेलं. कॉम्प्युटरचं नेटवर्क तुम्ही पन्नाशीला टेकल्यावर, शेजारी डिक्शनरी ठेवून शिकलात. वरूनच ओरडलात, ‘काय वं पावणं, कुठलं?’

‘उचगाव.’

‘उचगावात कुठं?’

मी ताठ झाले. हा दुसरा प्रश्न कशासाठी विचारतात ते आमच्या घरात लहान पोरालाही कळतं. आडनाव थेट विचारायचं नसलं की गल्ली विचारतात. म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, ‘बुद्धविहाराजवळ.’

‘म्हंजे रुळाच्या अलीकडं का पलीकडं?’

‘पलीकडं.’

‘मग तुला फाटक लागतंय. दहा मिन्टं उशीर चालंल, त्याच्या वर न्हाय. ती पक्कड दे.’

माझा संशय तेवढ्यानं गेला नाही. पुढे कित्येक दिवस तुम्ही आडनाव कधी काढता याची मी वाट बघत होते. तुम्ही तर गडहिंग्लजकडच्या रिवाजाप्रमाणे, मी तुमच्या मुलीच्या वयाची असूनही, मला ‘अक्का’च म्हणू लागलात.

तेव्हा आपल्यापुढचं कोडं असं होतं. मुख्य हॉस्पिटल कोल्हापुरात, शाखा गडहिंग्लजला आणि दोन्हींच्या मध्ये एक बारीकशी लाइन. त्या लाइनवरून कॉम्प्युटरची कामं जायची, एक्स-रेचे जाडजूड फोटो जायचे, आणि त्याच वर्षी नवे फोन आले तेव्हापासून माणसांचं बोलणंही त्यातूनच जाऊ लागलं. फोटो निघाला की बोलणं तुटायचं. सगळे म्हणाले, लाइन मोठी घ्या. तुम्ही म्हणालात, आधी तुटतंय कुठं ते तरी बघू.

आणि बघायची तुमची ती तऱ्हा! तुम्ही गडहिंग्लजला फोन लावायचात आणि पलीकडच्या ऑपरेटरला एसटीचे थांबे म्हणायला लावायचात. ‘कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज.’ तो म्हणायचा, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मध्येच बोट वर करायचात. ‘निपाणी गेली.’ मी कॉम्प्युटरवर बघायचे, तर नेमक्या त्याच क्षणी फोटो निघालेला असायचा. मला महागडं सॉफ्टवेअर हवं होतं. तुम्हाला निपाणी पुरत होती.

मग तुम्ही थांब्यांवरून आकड्यांवर गेलात. तुम्हाला त्यात एक वेगळीच गोष्ट सापडली आणि तुम्ही ती सांगायला थेट ओपीडीच्या रांगेतून वाट काढत माझ्याकडे आलात. ‘अक्का, अकरा, बारा, तेरा म्हण. आता पुढचं अक्षर काढून नुसतं श्येवटचं म्हण.’ मी म्हटलं, रा, रा, रा. ‘पंधरा, सतरा, अठरा?’ रा, रा, रा. ‘मग आकड्याच्या सुरवातीलाच आवाज तुटला तर औषद किती द्यायचं ते नर्सला कसं कळंल?’ तुम्ही इतके खूश होतात, जणू हा शोध तुमच्याच नावावर लागणार होता. पण त्या दिवसापासून आवाज म्हणजे नुसती सोय नाही, त्यावर कुणाचा तरी जीव आहे, हे मला कळलं.

सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात ती पेटी म्हणजे स्विच. तिच्यातून जाणारी प्रत्येक गोष्ट छोट्या छोट्या पॅकेटांत जाते, आणि पॅकेटला तुम्ही पुडी म्हणायचात. पेटीला नियम लिहून द्यायचे, की अशी पुडी दिसली तर या रांगेत, तशी दिसली तर त्या रांगेत. तुम्ही पुड्यांच्या चार गटांची नावं ठरवलीत आणि पेटीतही तीच लिहायची म्हणालात. बोलणं, फोटो, कागद म्हणजे कॉम्प्युटरची रोजची कामं, आणि पावणं. इंग्रजी अक्षरांत मराठी नावं! कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला मी ती वाचून दाखवली आणि त्यानं कपाळाला हात लावला.

भांडणं आपली तिथूनच सुरू झाली. फोटो महत्त्वाचा की बोलणं? मी म्हणत होते फोटो, कारण त्यात हाड दिसतं. तुम्ही म्हणालात, ‘फोटू दोन मिन्टं उशिरा आला तरी फोटूच येतोय. सबुद उशिरा आला तर त्यो सबुदच ऱ्हात न्हाय.’ इथं मी हरले, आणि तेव्हा मान्य केलं नाही ते आता करते.

ट्रस्टवरून झालेलं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. आठवतंय का? टेबलावर दोन फोन ठेवून आपण रांगांची सोय पहिल्यांदा चालू केली, आणि आवाज सुधारायच्या ऐवजी पार बिघडला. दोन दिवस पुस्तक उलटंपालटं केलं तेव्हा कळलं. ही सोय चालू झाली की पुडी किती महत्त्वाची ते सांगणारी तिच्यावरची खूण पेटी आपल्या हातानं पुसते. ज्या भोकात तार घातली आहे तिथं ‘ट्रस्ट’ असा शब्द लिहून दिला तरच ती खूण शाबूत राहते. तुम्ही खुर्चीवर मागे रेलून हसलात. ‘हॉस्पिटल ट्रस्टचं, आनि पेटीचा कुनावरच ट्रस्ट न्हाय!’

मी म्हटलं, मग सगळीकडेच ट्रस्ट लिहून टाकू. तुम्ही नाही म्हणालात. फोनच्या तारेवर लिही, बाकी ठिकाणी आपण स्वतः तपासू. ‘पुडीवरची चिट्टी त्या पुडीनं सोताच लिवलेली असती, अक्का. उद्या मी लिवतो, मी कलेक्टर हाय. तू मला गाडी पाठिवशील?’ मला हे पटलं नाही. माणसावर काय किंवा यंत्रावर काय, आधी विश्वास ठेवावा आणि फसलो तर मग बघावं, असं माझं म्हणणं. तुमचं म्हणणं, दारात एकदा नीट तपासावं, म्हणजे आत गेल्यावर कुणाला त्रास नाही.

तपासायचं तरी कशावरून? मी सुचवलं, पत्त्यावरून. मोठ्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरचा पत्ता पहिल्या रांगेत घालू, काम सोपं होईल. तुम्ही गंभीर झालात. ‘कुठनं आलंय ते नगं बगू. काय काम घिऊन आलंय ते बग.’

मी पटकन बोलून गेले, ‘आणि मला पहिल्या दिवशी उचगावात कुठं ते कशाला विचारलंत?’

‘फाटकासाठी गं! सकाळची गाडी असती की तितं!’

तुम्ही इतक्या सरळपणे म्हणालात की मला हसू फुटलं. माझा संशय त्या दिवशी गेला. तो होता हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही आणि गेला हेही नाही.

मग ती दुपार. दोन ते चार ओपीडी बंद असते म्हणून नियम दुपारी घालायचे ठरलं. कोल्हापूरच्या पेटीतले अर्धे नियम तुम्ही सकाळी घातलेत आणि तिकडच्या पेटीसाठी एसटीनं गडहिंग्लजला गेलात. उरलेले मी घालायचे होते, तुमच्या कागदावरून. कागदावर शेवटी तुमच्या तिरक्या अक्षरात होतं, ‘पावणं. आपलं नाही ते सगळं. जागा द्यायची.’

आता मला सांगा, कोल्हापुरात वाढलेल्या मुलीनं हे कसं वाचायचं? आमच्या घरी पाहुणा आला की घरातली माणसं उठतात आणि पाट त्याला मिळतो. त्याच आठवड्यात आपले प्रशासक साहेब बैठकीत बजावून गेले होते, की बाहेरगावहून येणाऱ्या डॉक्टरांची गैरसोय झालेली चालणार नाही. ते डॉक्टर आपले कर्मचारी नव्हते, येताना स्वतःचे लॅपटॉप घेऊन येत होते. आपले नाहीत ते पावणं म्हणजे तेच, जागा द्यायची म्हणजे मानाची. मी त्यांना पहिल्या रांगेत, बोलण्याच्या शेजारी बसवलं. एवढंच नाही, अण्णांनी किती छान शब्द वापरलाय, असंही मनात आलं.

तुमच्या डोक्यातलं पावणं म्हणजे रस्त्यावर वाट विचारणारा अनोळखी माणूस. ज्याला आपण ‘काय पावणं’ म्हणतो, पण ज्याचं नावगाव आपल्याला माहीत नसतं. कुठल्याच नियमात न बसलेली, कुणाची ते न कळणारी पुडी. तिला शेवटच्या रांगेत थोडीशी जागा द्यायची, एवढंच तुम्हाला म्हणायचं होतं. कॅन्टीनच्या कॉम्प्युटरवर कुणी गाणी उतरवत होतं, एका टेबलावरचा व्हायरस जगभर पत्रं धाडत होता. मी त्या सगळ्यांना मानाचा पाट दिला.

तीन वाजता गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाचं प्रमाण विचारायला फोन केला. इकडून मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा. तिकडे पोचलं फक्त ‘रा’. बाईंनी तीनदा विचारलं, तीनदा ‘रा’. बाई हुशार, अंदाजानं काही दिलं नाही. स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून खात्री केली आणि मगच सुई भरली. पेशंटला काही झालं नाही. पण मधली पाच मिनिटं त्या पेशंटची होती आणि ती मी खाल्ली होती.

तुम्ही मिळेल त्या गाडीनं परत आलात. मी पाणी प्यायला बाहेर गेले होते, परत आले तर तुम्ही पेटीसमोर बसून रांगा सरळ केल्या होत्या. काय चुकलं होतं ते सरळ केलेली ओळ बघूनच मला कळलं, पण मी बोलले नाही. तुम्हीही सांगितलं नाही. आपल्या दोघांचं लॉगिन तेव्हा एकच होतं, त्यामुळे कुणी काय घातलं ते पेटीला माहीत नव्हतं. सकाळी घाईत तुम्हीच ती ओळ लिहून गेलात असंही तुम्हाला वाटलं असेल. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत प्रशासकांनी विचारलं, हे नियम कुणी लिहिले? तुम्ही म्हणालात, ‘मी. रांग उलटी पडली माझ्याकडनं.’

मी तुमच्या शेजारी बसले होते. त्या महिन्यात माझं नोकरीत कायम होण्याचं पत्र निघायचं होतं. आमच्या घरात ऑफिसात टेबल मिळालेली मी पहिली. कारणं आहेत, अण्णा, आणि ती खरी आहेत. पण मी बोलले नाही हेही खरं आहे.

तुमची बदली शाखेत झाली. ‘घराजवळ जाल,’ असं म्हणून गोड केली गेली. तुमची खुर्ची सहा महिन्यांनी मला मिळाली. जायच्या आधी तुम्ही एक काम केलंत, दोघांची लॉगिन वेगळी केलीत. यापुढं कुणी काय केलं ते कळंल, म्हणालात. तुम्ही हे नेहमीसारखं सहज बोललात की मला उद्देशून, याचा मी तीन वर्षं विचार केला.

नंतर फोनवर आपण अनोळखी पुड्यांवरून भांडलो. पोळलेली मी, म्हटलं सरळ बंद करू, ओळख नाही तर आत नाही. तुम्ही तिकडून ओरडलात, ‘दारातनं हाकलायचं न्हाय अक्का! श्येवटी बसीव, पन बसीव. कोन काय घिऊन आलंय तुला काय ठावं?’ आणि खरंच, रक्तपेढीचं नवं सॉफ्टवेअर कुणी आपल्याला न कळवताच चालू केलं होतं, ते कित्येक आठवडे त्या शेवटच्या रांगेतून सुखरूप जात होतं. मी बंद केलं असतं तर तेही बंद पडलं असतं. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ‘बगा’ एवढंच म्हणालात, पण तो ‘बगा’ बराच लांब होता.

परवा इथं तुमची शोकसभा झाली. प्रशासक चांगलं बोलले. मग म्हणाले, शेवटी शेवटी अण्णा जरा विसरायचे, ते फोनचं प्रकरण आपल्याला आठवत असेल, पण माणूस सोन्यासारखा. लोकांनी माना हलवल्या. माझ्या हातात माइक आला. मी निपाणीची गंमत सांगितली, सगळे हसले, मी खाली बसले.

काल मी गडहिंग्लजला तुमच्या घरी, वैनींकडे गेले. चहा झाल्यावर सांगून टाकलं. त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘मग त्या सभेत का न्हाय बोललीस? माइक हुता की हातात.’

‘भ्याले.’

‘कुणाला? त्यो मानूस तर गेला.’

वैनी पदरानं डोळे पुसायला लागल्या. ‘तीन वर्सं मी त्यास्नी बोलत हुतो. येंधळं म्हणत हुतो. चांगलं कोल्लापुरात हुतासा, आपल्या येंधळेपणानं हितं यून बसलासा म्हणत हुतो. एकदाबी मी न्हवं म्हणालं न्हाईत गं.’

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी काढून घेतला. मग त्यांनी वर बघितलं. ‘पावणं म्हणालीस न्हवं मगाशी? बदली हुन हितं आलं, त्याच आटवड्यात जेवताना मला इचारलंवतं. तुझ्या म्हायेरात पावणं म्हटलं की कोन गं? मी म्हटलं, जावई. त्याला कुठं बसिवत्यात? मी म्हटलं, पयल्या पंगतीत, आनि कुठं? तर हातातला घास हातातच, लई येळ हसत बसलं. म्हणालं, मग तिचं बरोबर हाय की! मी म्हटलं, कुणाचं? तर म्हणालं, जेव.’

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. कुणी केलं तेही, आणि का केलं तेही तुम्ही शोधून काढलंत. उत्तर मिळाल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मला तुमचा राग आला, अण्णा. प्रत्येक पुडी दारात तपासा म्हणणारा माणूस मला एका शब्दानं विचारत नाही? विचारलं असतं तर मी रडले असते, बोलले असते, नोकरी गेली असती किंवा राहिली असती, पण वैनींनी तुम्हाला तीन वर्षं येंधळं म्हटलं नसतं. आणि राग ओसरल्यावर असंही वाटलं, की मी आपणहून सांगेन असा तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला होता. म्हणजे ट्रस्टच्या भांडणात तुम्ही गुपचूप माझ्या बाजूला आला होतात, आणि तिथं नेमकी मीच कमी पडले.

निघताना वैनी दारापर्यंत आल्या. ‘मला सांगून काय उपेग न्हाय. जितं त्यास्नी विसराळू म्हटलं तितं सांग. आनि लिवून सांग. बोलायला गेलीस तर परत गिळशील.’

म्हणून हे लिहिलं. आधी मनातल्या मनात तुम्हाला वाचून दाखवलं. उद्या सकाळी ओपीडी उघडायच्या आधी हाच कागद हॉस्पिटलच्या सूचनाफलकावर लावणार आहे, आणि एक प्रत प्रशासकांच्या टेबलावर ठेवणार आहे. त्यांनी काय करायचं ते करावं. लोकांना एवढं सगळं वाचायला वेळ नसतो, म्हणून मुद्द्याचं शेवटी ठळक अक्षरात लिहिते.

त्या दुपारी पावण्यांना पहिल्या रांगेत मी बसवलं. अण्णांनी नाही.